गुरुवारी जेल लावायचं नाही

आमच्या लॅबमध्ये एक नियम होता, कुठेही न लिहिलेला. गुरुवारी जेल लावायचं नाही. जेल म्हणजे दोन काचांमधला लिबलिबीत थर, वीज सोडली की डीएनएचे तुकडे त्यातून लांबीप्रमाणे वेगळे होतात. आणि नियम दत्ताचा वार म्हणून नव्हे, पुण्यात गुरुवारी वीज जाते म्हणून. दुरुस्तीचा वार. गेलेली वीज किती वाजता येईल याचा भरवसा नाही, जनरेटर होता तो फक्त उणे सत्तरच्या फ्रीजरला जोडलेला, आणि मध्येच थांबलेलं जेल म्हणजे अर्धवट भाजलेलं थालीपीठ. नंतर पुन्हा तव्यावर टाकून ते सुधारत नाही.

मी तिथे १९९८ साली प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले. एमएस्सी नुकतीच झालेली. रात्री एसटीडीचे दर उतरले की बूथवरून साताऱ्याला घरी फोन करायचे आणि आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज जेलातून कधी सुटलीस?" हे एकदा शेजारच्या काकूंच्या कानावर पडलं. त्यानंतर मी सुट्टीला गेले की त्या माझ्याशी जरा जपूनच बोलायच्या.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात बारावीच्या वर्गात एका पोराने विचारलेला प्रश्न. "मॅडम, हा रिपिटेटिव्ह डीएनए काहीच करत नाही, तर मग आपण शिकायचा कशाला?" तास संपायला पाच मिनिटं होती, मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. पुरं उत्तर इथे लिहिते. तो वाचेल असं नाही.

आपल्या पेशीत साधारण ३ अब्ज अक्षरांच्या डीएनएच्या दोन प्रती आहेत, चारच अक्षरांत लिहिलेल्या: ए, टी, जी, सी. त्यात मध्येच अशा जागा येतात जिथे लिहिणाऱ्याची पेन अडकल्यासारखी वाटते. सीए सीए सीए सीए... कुणाकडे १७ वेळा, कुणाकडे २१ वेळा. यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. अशा हजारो जागा प्रत्येक गुणसूत्रावर विखुरलेल्या आहेत.

आकडा माणसागणिक वेगळा का? शाळेत बाईंनी "मी वर्गात बोलणार नाही" हे १०० वेळा लिहायची शिक्षा केली होती का कधी? मला केली होती. पन्नाशीच्या पुढे हात आपोआप चालतो, डोकं भलतीकडेच असतं, आणि शेवटी मोजावं तर ९८ भरतात नाहीतर १०१. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम तिथे असंच घसरतं. पण फार वेळा नाही. एका जागेपुरतं बोलायचं तर साधारण हजार वेळा पुढच्या पिढीत जाताना एखाद्या वेळी. म्हणजे माणसामाणसांत फरक पडण्याइतकी चूक होते, पण बापाचा आकडा मुलात ओळखू न येण्याइतकी होत नाही. या जागांचं सगळं मोल या मधल्या प्रमाणात आहे. आईकडून एक आकडा, वडिलांकडून एक. समजा आई १७/२१ आणि वडील १९/२४ असतील, तर मुलाला १७ आला की २१ हे सरळ दिसतं, म्हणजे त्या ठिकाणचा तुकडा आजीचा की आजोबांचा इथपर्यंत माग लागतो. काहीच न करणारं अक्षर म्हणूनच कामाचं. मैलाचा दगडही रस्त्यासाठी काही करत नाही.

पण हे दगड, म्हणजे मार्कर, कुठल्या क्रमाने उभे आहेत हे आधी कळायला हवं. ते काम पत्ते काटण्यासारखं आहे. कॅट एकदाच काटला तर शेजारशेजारची दोन पानं क्वचितच वेगळी होतात, लांबची सहज होतात. आईवडिलांकडून मुलाकडे गुणसूत्र जाताना जोडीतल्या दोन प्रती अशाच काटून एकमेकींना जोडल्या जातात. दोन मार्कर १०० वेळांत एकदा वेगळे झाले तर त्यांच्यातलं अंतर १ सेंटीमॉर्गन, अक्षरांत ढोबळमानाने १० लाख. आणि हे काटणं बायकांच्या बीजपेशींत पुरुषांपेक्षा जास्त होतं, त्यामुळे तोच जीनोम, म्हणजे तोच सगळा डीएनए, बायकांच्या नकाशावर दीडपटीहून लांब भरतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विनाकारण आनंद झाला होता.

सीएच्या या जागा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, वाचता येतात हे १९८९ मध्ये निरनिराळ्या गटांनी दाखवलं. त्यातले वेबर आणि मे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मार्शफील्ड नावाच्या लहानशा गावात काम करत होते. पण आमच्या लॅबचं दैवत होता फ्रान्समधला नकाशा. पॅरिसजवळ एव्री इथे जेनेथॉन नावाची प्रयोगशाळा, तिथे जाँ वायसेनबाख यांचा गट. १९९२ मध्ये त्यांचे ८१४ मार्कर आले, १९९४ मध्ये दोन हजारांवर गेले, आणि मार्च १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये शेवटचा नकाशा आला: ५२६४ मार्कर, सरासरी १.६ सेंटीमॉर्गनवर एक. या सगळ्याला पैसा मुख्यतः सरकारचा नव्हता. स्नायूंच्या आजारांच्या रुग्णांची संघटना फ्रेंच टीव्हीवर दरवर्षी मोठा कार्यक्रम करून लोकांकडून देणग्या गोळा करायची, त्यातून हे उभं राहिलं. मार्करांच्या मूळ नावांच्या सुरुवातीला त्या संघटनेची 'एएफएम' ही अक्षरं असत. थोडक्यात, माणसाच्या जीनोमचा एवढा बारीक नकाशा वर्गणीतून झाला. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना मी हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, पावतीपुस्तक कुणाकडे होतं?

आणि तो नकाशा बेतला कुणावर? ८ कुटुंबांवर. जाँ दोसे यांनी पॅरिसमध्ये उभारलेल्या संस्थेने मोठ्या कुटुंबांच्या पेशी जपून ठेवल्या होत्या. त्यांतली बरीच अमेरिकेतल्या यूटा राज्यातली, जिथे आजीआजोबा हयात आणि नातवंडं डझनाच्या घरात. जगभर कुणीही कुठलाही आजार शोधत असो, मैलाचे दगड त्या आठ घरांच्या अंगणातून मोजलेले.

त्या लेखाची झेरॉक्स आमच्याकडे होती. झेरॉक्सचीही झेरॉक्स, गुणसूत्र १३ च्या पानावर चहाचा गोल डाग. त्या डागाच्या कडेला, अगदी वरच्या टोकाला, डी१३एस१७५ होता. या नावात गूढ काही नाही. डी म्हणजे डीएनए, १३ म्हणजे गुणसूत्र, एस म्हणजे जीनोममध्ये एकाच ठिकाणी सापडणारा, १७५ हा नुसता अनुक्रमांक. प्लॉट नंबरसारखं.

आम्ही ज्या कुटुंबातल्या बहिरेपणाचं कारण शोधत होतो ते सोलापूर जिल्ह्यातलं, बार्शीच्या बाजूचं. नवराबायको आणि पाच मुलं, त्यांतली तीन जन्मापासून बहिरी. नवऱ्याने मामाची मुलगी केलेली. आपल्याकडे यात नवल काही नाही, पण वंशावळीच्या तक्त्यात नात्यातल्या लग्नाला दोन रेघा काढतात आणि त्या दोन रेघा पाहून आमचे सर खुर्चीत पुढे सरकले. कारण साधं आहे. दोघांची आजी एकच. तिच्याकडचा एखादा बिघडलेला तुकडा मुलाकडून नातीत आणि मुलीकडून नातवात उतरला, तर पुढच्या पिढीत तो दोन्हीकडून येऊन एकत्र भेटतो. अशा मुलात त्या जागेजवळचे सगळे मार्कर दोन्ही बाजूंनी सारखेच दिसणार. दोन बँडऐवजी, म्हणजे फिल्मवरच्या दोन काळ्या रेघांऐवजी, एक. मग जीनोमभर एवढंच हुडकायचं, की तिन्ही बहिऱ्या मुलांत सलग एकेरी बँड कुठे आहेत आणि ऐकू येणाऱ्या दोघांत ते कुठे नाहीत.

रक्त घ्यायला मी आणि सर रात्रीच्या एसटीने गेलो. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, मांडीवर डबा. तक्ता मी काढला, आणि सांगितला नवराबायकोच्या त्या एकाच आज्जींनी. पंचाहत्तरीच्या पुढच्या, डोळ्यांना कमी दिसायचं, पण सासरच्या चार पिढ्या तोंडपाठ. कोण कुणाला दिली, कोण पाळण्यातच गेलं, कोण मुंबईला मिलमध्ये गेला तो परत आला नाही. "आमच्यात मामाचीच करत्यात बाई. घरची पोर घरात." मी चौकोन आणि गोल काढत होते, पुरुष चौकोन, बाई गोल, बहिरं असेल तर काळं भरायचं. त्यांनी मध्येच कागदावर बोट ठेवून विचारलं, "यात मी कुठाय?" मी त्यांचं बोट सगळ्यात वरच्या गोलावर नेऊन ठेवलं.

चौदा जणांचं रक्त. आज्जी नंबर १.

पुढचं काम असं. मार्करच्या दोन्ही अंगांना बसणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, घ्यायचे, एकाला किरणोत्सारी फॉस्फरस जोडायचा. तो हैदराबादच्या 'जोनाकी' केंद्रातून यायचा. जोनाकी म्हणजे बंगालीत काजवा. नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार, कारण खोका उघडला की गायगर काउंटर खरंच रातकिड्यासारखा वाजायला लागायचा. हा फॉस्फरस १४ दिवसांत निम्मा होतो, म्हणून पार्सल आलं की सणासारखी घाई. मग दोन काचांच्या फटीत पातळ जेल ओतायचं. हवेचा एक बुडबुडा राहिला तर खालून टिचक्या मारत तो वर आणायचा, मारताना श्वास धरायचा. जेल पळवून, वाळवून, एक्स-रे फिल्मवर रात्रभर ठेवायचं, आणि सकाळी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवून बघत उभं राहायचं. काही सेकंद काहीच नाही. मग एक एक बँड उमटायला लागतो. हा क्षण मला अजून स्वप्नात येतो, हायपोच्या वासासकट.

फिल्म वाचणं ही वेगळीच विद्या. सीएच्या जागेवर पीसीआरचं एन्झाइमही घसरतं, तेच शिक्षेच्या वहीसारखं. त्यामुळे एका बँडखाली दोन-दोन अक्षरांनी तोकड्या सावल्या पडतात, फिकट, फिकटतर, शिडीसारख्या. दोन खऱ्या बँडमध्ये दोनच अक्षरांचा फरक असला की एकाची सावली दुसऱ्यावर पडते आणि माणूस १७/१८ आहे की १८/१८ यावर वाद होतात. दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचं आणि मग वह्या जुळवायच्या असा शिरस्ता होता. चार-चार अक्षरांचे मार्कर वाचायला स्वच्छ, जीएटीए जीएटीए असे. याच जीएटीएच्या पुनरावृत्ती पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएतून निघालेल्या प्रोबमध्ये, म्हणजे जुळणाऱ्या जागा हुडकणाऱ्या तुकड्यात, होत्या, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी त्याच प्रोबवर भारतातलं डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं केलं. सापाकडून माणसाची ओळख पटवायची. विषयांतर झालं, पण हे न सांगता पुढे जाववेना.

तर, आठ नंबर.

आठ नंबर म्हणजे पाचांतला तिसरा मुलगा, ऐकू येणारा. पहिल्या मार्करला त्याच्यात वडिलांचा एकही बँड दिसेना. एका मार्करवर असं होऊ शकतं, एन्झाइमच घसरलं असेल. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्यालाही. आईशी मात्र तिन्ही ठिकाणी जुळत होतं. माझ्याबरोबर फिल्म वाचणाऱ्या सिनियरने चष्मा काढून पुसला आणि नुसतं "हं" म्हणाला. त्या "हं"चा अर्थ लॅबमधल्या सगळ्यांना कळला. दुपारच्या डब्याच्या वेळी कुणीतरी विनोदही केला. मी हसले. ते हसणं मला आज नको वाटतं. त्या मुलाच्या आईने मला तव्यावरची गरम भाकरी वाढली होती, शेंगदाण्याची चटणी पुन्हा पुन्हा विचारून.

संध्याकाळी मी वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी फिल्म दिव्यावर धरली, खाली ठेवली, आणि म्हणाले, "आधी आपली चूक शोधायची. ती सापडली नाही तर पुन्हा शोधायची." बाकी काही नाही. निकालाच्या तक्त्यात आठ नंबरचं घर त्यांनी पेन्सिलीने खोडून ठेवलं.

दोन दिवसांनी चौथा मार्कर आला. त्यात आठ नंबरचा आईशीही ताळमेळ नव्हता.

आता बापाबद्दल लोकांना काय वाटायचं ते वाटो, आई तर आई असते. बाळंतपण त्याच घरात झालेलं, सुईण तक्त्यातल्याच एक चुलत सासू. म्हणजे चूक त्यांच्या घरात नव्हती, आमच्या फ्रीजरमध्ये होती. मी सगळ्या नळ्या बर्फावर काढल्या. आणि तेव्हा लक्षात आलं की मी नंबर फक्त टोपणांवर लिहिले होते. नळीच्या अंगावर नाही. आठ आणि अकरा या दोन नळ्या कधीतरी एकदम उघडल्या असणार आणि टोपणं अदलाबदल झाली असणार. अकरा नंबर म्हणजे त्या बाईच्या भावाची मुलगी, आत्याशी तीन ठिकाणी जुळली यात आश्चर्य काय. वही चाळली तर अकरा नंबरही आपल्या बापाशी जुळत नव्हता. पण तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांचे डोळे आठवर.

खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. दाताच्या इनॅमलसाठी लागणारं एक जनुक एक्सवरही असतं आणि वायवरही, पण एक्सवरच्या प्रतीत एका जागी ६ अक्षरं कमी आहेत. मुलात दोन बँड, मुलीत एक. आठ लिहिलेल्या नळीत एकच बँड आला, अकरात दोन. मी दोन्ही नळ्या बेसिनमध्ये ओतल्या आणि साठवलेल्या रक्तातून सगळं पहिल्यापासून केलं. नवा आठ नंबर चारही मार्करांत आईबापांचा निघाला. त्या दिवसापासून मी नळीच्या टोपणावर, अंगावर आणि खोक्यावर अशा तिन्ही ठिकाणी नंबर लिहिते. घरात मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा झाकण आणि अंग दोन्हीकडे लिहिलेलं असतं. नवरा हसतो.

विनोद करणाऱ्याला मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

शोधाचं म्हणाल तर तो फार लांबला नाही. जन्मजात बहिरेपणाचं एक ठिकाण ट्युनिशियातल्या कुटुंबांवरून १९९४ मध्ये गुणसूत्र १३ च्या वरच्या टोकाला सापडलेलं होतं, आणि १९९७ मध्ये तिथलं जनुकही कळलं होतं, कनेक्सिन २६. त्यामुळे सरांनी सुरुवातच तिथून केली. चहाच्या डागाशेजारचा डी१३एस१७५. तिन्ही बहिऱ्या मुलांत एकेरी बँड, ठसठशीत. आईवडिलांत दोन-दोन. ऐकू येणाऱ्या दोघांतही दोन-दोन. शेजारचे मार्कर लावले, तिथेही तेच. मग जनुकाची अक्षरं वाचली तर २४ व्या अमिनो आम्लाच्या जागी पूर्णविराम पडलेला, म्हणजे प्रथिन तिथेच तुटणार. भारतात या जनुकातला हाच बिघाड सर्वांत जास्त आढळतो हे पुढे अनेकांनी दाखवलं, म्हणजे आम्हाला काही जगावेगळं मिळालं नव्हतं. पण आमची फिल्म आम्हाला जगावेगळीच वाटत होती. मुलांतला तो एकेरी बँड फिल्मवर लेन १ पर्यंत मागे नेता येत होता. आज्जींच्या दोनांपैकी खालचा.

आता हे कुणी करत नाही. एका चिपवर लाखो जागा दिवसभरात वाचून होतात, आणि २०२२ मध्ये तर गुणसूत्रांच्या मध्यावरचे पुनरावृत्तीचे मोठे मोठे पट्टेसुद्धा अक्षरन्‌अक्षर लावून झाले. सीएचे मार्कर मागे पडले. चार अक्षरांचे मात्र कोर्टकचेऱ्यांत अजून जोरात आहेत.

निकाल सांगायला आम्ही पुन्हा बार्शीच्या बाजूला गेलो. फेब्रुवारीत, ज्वारी काढणीला आलेली. सरांनी समजावून सांगितलं, मुलांची लग्नं नात्यात नको, धाकटीला यंत्र आणि शाळा लवकर. आईबाप मान डोलवत होते. आज्जी भिंतीला टेकून ऐकत होत्या. सरांचं झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कुणाकडनं आलं ओ हे? हिच्याकडनं का त्याच्याकडनं?"

"दोघांकडनं आज्जी. निम्मं निम्मं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "दोघंबी माझीच की."

माझ्या पिशवीत ती फिल्म होती. मी सरांकडे पाहिलं, सर जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, "तुम्हालाही कुणाकडनं तरी आलं असणार, आज्जी. तुमच्या आधीपासनं."

"माझा मामा बोलत नव्हता," आज्जी म्हणाल्या. "मुका म्हणायचे त्याला. गुरं लई चांगली राखायचा."

चार पिढ्या मी लिहून घेतल्या होत्या, त्या त्यांच्या सासरच्या. माहेरचं मी विचारलंच नव्हतं. मी पिशवीतून तक्ता काढला, त्यांच्या गोलाच्या वर एक गोल काढला, त्याच्या शेजारी एक चौकोन, आणि तो पेन्सिलीने काळा भरला.